हात मागं ठेवा जी

सुलोचनाताईंच्या बालवाडीत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि हात मागे बांधायचे, असा नियम होता. पोरांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी. चपलांचं कुणाला काही वाटत नसे, हातांचं मात्र फार जड जायचं. दारातून पाऊल आत पडलं की ताई जमिनीवरूनच, मान वर न करता, दबक्या आवाजात म्हणायच्या, "हात मागं ठेवा जी." मग तो कुणी का असेना. वकील असो, कुणाचे आजोबा असोत, की बालवाडीला पंखा भेट द्यायला आलेला नगरसेवक असो. त्या नगरसेवकाला तर मी स्वतः पाहिलं आहे. बिचाऱ्याला हातवारे केल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. दोन वाक्यांत भाषण आटलं, आणि मग तो मुकाट्याने एका चार वर्षांच्या पोरीचं वाटाणे सोलणं बघत बसला. चांगली दहा मिनिटं बसला. जाताना म्हणाला, "बाई, लय शांत वाटलं तुमच्याकडे." ताई म्हणाल्या, "या मंग कधी कधी. भाषण घरी ठेवून या."

एकदा मी त्यांना विचारलं, हे हातांचं काय आहे?

"मोठ्या माणसाच्या हाताले लय घाई असते," त्या म्हणाल्या. "लेकरू आपलं करून राहिलं असते, अन् हा हात मधात जाते. डोक्यानं कितीबी ठरवा, हात आयकतच नाही. म्हणून बांधाचा."

मला हे जरा लागलंच. मी हातांवर जगणारा माणूस. गांधीबागेत आमचं लेस, जरी, गोटा, झालर यांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासूनचं. बोटांच्या चिमटीत धरून गोट्याची किनार खरी की खोटी ते मी डोळे मिटून सांगतो. असल्या माणसाला हात बांधायला सांगायचं म्हणजे गवयाला तोंड मिट म्हणण्यातला प्रकार. पण माझी बायको साधना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात परिचारिका, तिची पाळी सकाळची, आणि दुकान उघडतं साडेअकराला. त्यामुळे आमच्या जुईला आठला सोडणं आणि अकराला घेऊन आजीकडे पोचवणं माझ्याकडे आलं. अशी मी ताईंच्या पायरीवर दोन-अडीच वर्षं काढली.

बालवाडी सक्करदऱ्याच्या मागच्या एका गल्लीत होती. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात जांभळाचं झाड. खिडक्यांना ताईंनी जुन्या ओढण्या शिवून पडदे केले होते, एक गुलाबी, एक हिरवी, एक विटकी नारिंगी. साडेदहाच्या उन्हात त्या ओढण्यांतून आत जो उजेड उतरायचा त्याला नाव नाही. पोरांच्या केसांवर, फरशीवर, पाण्याच्या वाट्यांवर तो सांडलेला असायचा. मी मुद्दाम अर्धा तास आधी पोचायचो. बाहेर नागपूरचं ऊन, रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, आणि आत चोवीस पोरं असून आवाज नाही. धाकाची शांतता मला माहीत होती, मी तिच्यातच शिकलो. ही तशी नव्हती. एकजण डाळीतून तांदूळ वेगळे करतोय. एक पोरगी सुरईतून गडूत आणि गडूतून सुरईत पाणी ओततेय, विसाव्यांदा. कुणी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या गुंड्या लावतोय आणि काढतोय. प्रत्येकाची आपली चटई, आणि दुसऱ्याच्या चटईवर पाय पडू द्यायचा नाही. कधीकधी पायरीवर मला डुलकी लागायची आणि जागा झालो की आतलं सगळं तसंच चाललेलं असायचं. झोपेतलं कुठलं आणि जागेपणीचं कुठलं, क्षणभर कळत नसे.

या सगळ्याच्या मधोमध ताई. बुटक्या, जाड, गुडघ्यांनी कामातून गेलेल्या, तरी जमिनीवर बसलेल्या. खुर्चीवर बसलं की डोळे चुकीच्या उंचीला जातात म्हणायच्या. चष्मा दोऱ्याने गळ्यात. पोराजवळ जायचं तर आधी विचारायच्या, "मी बसू का इथं?" आणि पोरगं "नाही" म्हणालं तर खरंच उठून दुसरीकडे जायच्या. मला ते नाटकी वाटायचं. मग पाहिलं, की ज्याने सकाळी "नाही" म्हटलेलं असे तोच थोड्या वेळाने त्यांचा पदर ओढत, "ताई, आता बसा," म्हणत यायचा.

शाब्बास हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. पोरगं धावत येऊन चित्र दाखवी, ताई चष्मा चढवून नीट बघत आणि म्हणत, "पाहिलं मी." बस. पालकांपैकी काहींना याचा राग यायचा. एवढ्याशा जीवाचं कौतुक करायला काय पैसे पडतात? मलाही वाटायचं. पण पोरांना काही कमी पडल्यासारखं दिसत नसे. "पाहिलं मी" ऐकलं की ती परत चटईवर जाऊन आणखी करत बसत.

मोठ्या माणसांशी मात्र ताईंचं फारसं जमत नसे, हेही सांगायला हवं. आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. मी शेवटपर्यंत "जुईचे बाबा" होतो. पालकसभेत कुणी एबीसीडीचा विषय काढला की त्या सरळ म्हणत, "मंग दुसरीकडे टाका." आणि लोक टाकतही. दर वर्षी चार-पाच पोरं जायची.

व्हॅनवाल्याची गोष्ट सांगतो. यश नावाचा एक गोलमटोल पोरगा होता. त्याने ठरवलं, की सँडलचे पट्टे आपणच लावायचे. व्हॅन दारात उभी, व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न, आणि यश पायरीवर माझ्या शेजारी बसून पट्टा कड्यात घालतोय. पट्टा निसटतोय. माझे हात इतके वळवळायला लागले की मी ते मांडीखाली दाबून बसलो. शेवटी व्हॅनवाला उतरून तणतणत आला. ताई लंगडत बाहेर आल्या आणि फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाई, मले आणखी दोन शाळा घ्याच्या आहे."

"थांबा जी. डावी झाली. उजवी बाकी आहे."

"अवं पण मी घालून देतो न दोन सेकंदात!"

"तुमची बायको तुमाले घास भरवते का?"

व्हॅनवाला हसला, बिडी काढायला खिशात हात घातला, ताईंकडे पाहून परत ठेवली. उजवी व्हायला नऊ मिनिटं लागली. मग यश उठला आणि व्हॅनपर्यंत असा चालत गेला, की मी आमच्या लग्नात घोड्यावरून उतरून तसा चाललो नव्हतो.

ताईंच्या मागच्या आयुष्याबद्दल मला फार माहीत नाही, आणि मी खोदून विचारलंही नाही. एका दुपारी मात्र पावसाने अडवलं होतं, मी आणि जुई निघू शकत नव्हतो, तेव्हा त्या आपण होऊन बोलल्या. त्यांची आई गिरणीत कामाला होती. गिरणीच्या पाळणाघरात तीस लेकरं आणि एक म्हातारी. म्हातारी काय करणार? ती रांगत्या पोरांना लुगड्याच्या चिंधीच्या दोरीने खाटेच्या पायाला बांधून ठेवी. "वाईट नव्हती वं बिचारी," त्या जुईलाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या. "गूळ देत जाय मले. पण चार हातावर एक चेंडू पडून राहे. लाल. दोरी पुरे नाही तिथवर." जुई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग ताईंनी माझ्याकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात सांगितलं, "अन् एवढं असूनबी माह्या पोराले मी पाढ्यांसाठी मारलं जी. तवा समजत नव्हतं. तो पुण्याले आहे आता. रविवारी फोन करते. तब्येत पुसते अन् ठेवते." पाऊस थांबला तसं आम्ही निघालो.

आता जुईचं सांगायला हवं. ती घराबाहेर बोलत नसे. घरात साधनाशी आणि माझ्याशी, तेही कुजबुजत, पांघरुणात तोंड घालून. बाहेर एक शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक म्हणाले. बालवाडीत घातलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. वर्ष उलटलं, पोरगी तिथे तोंड उघडेना. माझा थोरला भाऊ, दादा, याला याचा फार त्रास होई. त्याचा मुलगा मोठ्या इंग्रजी शाळेत, पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवणारा.

"काय गा," दादा म्हणाला, "वर्ष झालं, पोरगी गोष्ट करत नाही, अन् तू तिले पाणी ओताले पाठवतो? माह्या वळखीनं गणपतीनंतर एक जागा निघून राहिली तिथं. तिथं बोलतं करतात पोरांले."

त्या शाळेत बोलतं कसं करतात ते मला माहीत होतं. दादाचा मुलगा झोपेत दचकतो. पण वर्षभराचं "जुई काहून बोलत नाही?" ऐकून मीही थकलो होतो. मी म्हटलं, "पोळ्यापर्यंत पाहतो, दादा. नाही बोलली तर नेतो."

ताईंना सांगितलं. "लेकराले तारीख समजत नाही जी," म्हणाल्या. मग, "तुमी घाई करू नका. ती आयकून राहिली," एवढंच.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी जातात, लोक त्यांना खाऊ देतात. मैदानावर स्पर्धा असते. म्हणायला ती सजवलेल्या बैलांची, पण खरी ती बापांची. आमच्या दुकानाचा तर तो हंगामच. पंधरा दिवस आधीपासून बाप लोक येतात आणि बैलाच्या झुलीसाठी असा गोटा निवडतात, जसा लेकीच्या लग्नातही निवडला नसेल. दादाच्या मुलाचा बैल तीन वर्षं पहिला आला होता. तो मुलगा त्या बैलाला हात लावायला घाबरतो.

ताईंनी सुताराकडून वीतभर लांबीचे साधे बैल करून आणले आणि पोळ्याच्या दहा दिवस आधी एकेकाला एकेक दिला. मांडणीवर रंग, कागद, खळ, दोरे ठेवून दिले. काय करा ते सांगितलं नाही. मी रोज खिडकीतून बघायचो. यशने आपल्या बैलाला हेल्मेट केलं. एकाने साबणाच्या खोक्याचा मोबाइल करून बैलाच्या गळ्यात बांधला. आमची जुई पहिले तीन दिवस बैलाला नुसती आंघोळ घालत होती. चौथ्या दिवशी तिने त्याचा मागचा एक पाय निळा केला. मग थांबली. एका दोरीने त्याला फिरवत राहिली. शेवटच्या दिवशी पाहतो तर मानेवर एक पिवळा, तेलकट डाग. बस, एवढाच बैल. जरीवाल्याच्या पोरीचा बैल हा?

पोळ्याच्या सुट्टीला बैल घरी दिले. फाटकात ताई प्रत्येकाला सांगत होत्या, "घरी न्या, उशाशी ठेवा. बैलाले हात लावू नका जी." मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुई झोपली. मी बैल घेऊन मागच्या व्हरांड्यात बसलो. ओल्या फडक्याने तो पिवळा डाग घासून काढला. मग सोनेरी रंग, निळ्या पायासकट सगळीकडे. दोरी कळकट झाली होती, ती टाकली. लाल मखमलीची झूल बेतली, तिला तीन पदरी गोटा, टाके असे बारीक की दिसू नयेत. शिंगांना झिरमिळ्या. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. दोन तास मी गाणं गुणगुणत होतो. साधना ड्यूटीवरून आली आणि दारातच थांबली.

"हे तुमी काहून केलं?"

"छान नाही झालं?"

"छान झालं. म्हणूनच विचारून राहिली."

सकाळी जुई उठली. उशाशी सोनेरी बैल. तिने तो पाहिला, आणि मग ती उशी उचलून खाली शोधायला लागली. पलंगाखाली गेली. कपाटामागे पाहिलं. साधनाच्या कानाशी लागून म्हणाली, "माझा बैल कुठी गेला?" मी हसत बोट दाखवलं. तिने मान हलवली. रडली नाही, हट्ट केला नाही. कचऱ्याच्या डब्याशी तिला आपली दोरी सापडली, ती घेतली, आणि बालवाडीत गेली. सोनेरी बैल काखेत मारून मी मागे.

तान्ह्या पोळ्याच्या त्या फेरीचं दृश्य मला अजून झोपेत दिसतं. गल्लीत चोवीस पोरं, तेवीस वेडेवाकडे बैल खडखडत चाललेले, आणि त्यांच्यात जुई, हातातली दोरी मागे लोंबकळत, दोरीच्या टोकाला काही नाही. ती ती दोरी इतक्या काळजीने ओढत होती, खड्डा आला की वळसा घालत होती, दगड आला की थांबत होती. लोक दारात आले. एक आजी म्हणाल्या, "अवं बाई, तुहा बैल कुठी हाय?" मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. मागून यशचा बैल भराभर येत होता. ताईंनी त्याला अडवलं. "हळू जी. तिच्या बैलाले लागन." आणि यशने खरंच आपला बैल उचलून, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे ठेवला. त्या आजींनीही मग जुईच्या हातावर खाऊ ठेवला, आणि जरा विचार करून जमिनीशी वाकून बैलाच्या तोंडासमोरही एक चकली ठेवली.

पोरं गेल्यावर ताईंनी मला पोरांच्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला.

"मानेवरचं पिवळं पुसलं का तुमी?"

"मळला होता तो."

"मळ नाही जी. खांद शेकली होती तिनं."

मला समजायला क्षण लागला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, लोणी आणि हळद चोळून शेक देतात. साधनाचे वडील काटोलकडे शेती करतात. मागच्या पोळ्याला जुई तिथे होती, आजोबांच्या कडेवर. तिने ते पाहिलं असणार. मला त्याची आठवणही नव्हती.

"हळदीची डबी बोटानं दाखवली तिनं," ताई सांगत होत्या. "लोणी माह्या डब्यातलं दिलं. एका बोटानं चोळून राहिली होती, हळूहळू. अन् तिचे ओठ हलून राहिले होते जी. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलाले म्हणतात न तसं. आवाज नव्हता, पण ओठ पुरे हलले. माह्यासमोर पयल्यांदा."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. म्हटलं, आत्ता सगळं खरवडून काढतो.

"खबरदार," ताईंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "एकदा बिनविचारता हात लावला. आता दुसऱ्यांदाबी लावता का?"

"मग काय करू? तुमची माफी मागतो."

"माह्याजवळ कायले? ज्याचा बैल त्याले मागा."

आमच्या घराण्यात बापाने पोराची माफी मागितल्याचं कुणी ऐकलेलं नाही. सोनेरी बैल आत मांडणीवर ठेवला आणि मी अंगणात जुईसमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "जुई, तुला न विचारता मी तुझ्या बैलाला हात लावला. चुकलो मी." तिने माझ्याकडे पाहिलं, दारातून मांडणीवरच्या सोनेरी बैलाकडे पाहिलं, आणि जांभळाखाली निघून गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. जुई चटई घेईना, खिडकीशी उभी राही. पाचव्या दिवशी तिने तो बैल मांडणीवरून उचलला आणि झुलीचा गोटा नखांनी उसवायला लागली. टाके माझेच, धंद्यातले, सहजी निघणारे नव्हते. "ताई, खराब करून राहिली ती," मी खिडकीतून कुजबुजलो. "काम करून राहिली ती," ताई म्हणाल्या. रोज ती वीतभर गोटा उसवायची. मग झूल गेली, झिरमिळ्या गेल्या. सोनेरी रंग काही निघेना. तेव्हा तिने त्याच्यावरच हळद चोळायला घेतली. ती त्या चकचकीत रंगावर ठरत नव्हती. ही रोज पुन्हा चोळायची.

गणपती आले, गेले. दादाचा फोन आला, शनिवारी सकाळी मोठ्या बाईंना भेटायचं आहे, जुईला घेऊन ये. मी हो म्हटलं. पोळ्यापर्यंत म्हणालो होतो, पोळा होऊन गेला होता, पोरगी बोलली नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. त्या अंगणात गेलं की मला माझी लाज वाटे, आणि मला तिथून पळायचं होतं. पोरीला घेऊन पळायचं होतं. शुक्रवारी ताईंना सांगून टाकायचं असं ठरवून मी निघालो.

ताई आता नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी माल आणायला सुरतेला होतो, परत आलो तर सगळं आटोपलेलं. अंत्यदर्शन झालं नाही. त्या शुक्रवारनंतरही दीड वर्ष त्या मला रोज दिसत होत्या, अंगणात, फाटकात, पोरांच्या घोळक्यात. पण माणसाला शेवटचं म्हणून काहीतरी लागतं. मी ते त्या शुक्रवारातून उचललं आहे.

साडेदहा झाले होते. दार लोटलेलं, पायरीवर ऊन. खिडकीशी गेलो तर आत मी आजवर न पाहिलेला खेळ चालला होता. सगळी पोरं चटया गुंडाळून जमिनीवर बसलेली, डोळे मिटून. आतल्या खोलीच्या दाराला पडदा, आणि पडद्यामागून कुणीतरी अगदी हळू एकेक नाव घेत होतं. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि पावलांचा आवाज न करता पडद्याआड जायचं. "यश." यश उठला, सँडल नव्हती पायात, तरी जपून गेला. मग बराच वेळ काही नाही. बाहेर जांभळाची पानं हलली तेवढीच ऐकू आली. "आरुषी." मग पुन्हा थांबणं. "कबीर." नाव इतकं हळू येत होतं की मीही श्वास धरला. खिशात फोन थरथरला. दादाचा. मी तो बंद केला. खोली हळूहळू रिकामी होत होती, ओढण्यांचा गुलाबी, हिरवा उजेड मोकळ्या होत जाणाऱ्या फरशीवर पसरत होता, आणि पाच-सहा पोरं उरली तेव्हा कुठे मला दिसलं, की भिंतीला पाठ टेकून, मांडीत हात ठेवून, डोळे मिटून त्यांच्यात ताईही बसल्या आहेत.

मग पडद्यामागे कोण?

"मायरा," आतून आलं. आणि मी खिडकीचा गज धरला. तो आवाज मला माहीत होता. जगात तो दोनच माणसांना माहीत होता, मला आणि साधनाला, पांघरुणातून येणारा.

जुईला सगळ्यांची नावं येत होती. एकही चुकलं नाही, कुणी सुटलं नाही. शेवटचा पोरगा चवड्यांवर आत गेला, आणि खोलीत एकट्या ताई उरल्या. मला वाटलं, संपला खेळ. पडद्यामागे शांतता. ताई हलल्या नाहीत. डोळे मिटलेले, मान किंचित पुढे. इतकी वर्षं पोरांची वाट पाहणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही हवं असलेलं पाहिलं. आपलं नाव येईल की नाही, याची चक्क धाकधूक होती तिथे.

"सुलोचना," पडद्यामागून आलं.

ताई डोळे न उघडता हसल्या. एक हात फरशीवर, एक भिंतीला, अशा उठल्या. गुडघा कडकन वाजला. त्या दचकून जागीच थांबल्या, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी वर उचलल्या, आणि चवड्यांवर, एकेक पाऊल मोजून टाकत पडद्याआड गेल्या.